जिन्याची भिंत

आमच्या सोप्यातला, म्हणजे पुढच्या खोलीतला, वॉलपेपर काढायला मला अकरा दिवस लागले. सत्तावन्न स्क्वेअर फुटांचा एक रोल, असे सात रोल २०२० च्या जानेवारीत लागले होते, आणि चिकटवणाऱ्या दोन पोरांनी सकाळी दहाला सुरू केलेलं काम दिवेलागणीच्या आत संपवलं होतं. मी तेव्हा दारात उभी राहून बघत होते आणि मला तो फार आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. क्रीम रंग आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी. ट्यूबलाइट लावली की अख्खा सोपा एकदम उजळायचा, आणि त्या वर्षी आमच्या घराला त्याची फार गरज होती.

घर आमचं शुक्रवार पेठेत, पंचगंगा नदीकडं उतरणाऱ्या बाजूला. कोल्हापूरच्या माणसाला एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. जून सरला की नातेवाइकांचा फोन आल्यावर पहिला प्रश्न ‘पाऊस आहे का’ असा नसतो, ‘किती फूट’ असा असतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, आणि मधल्या त्या चार फुटांत आम्ही सिलिंडर, फ्रिज, तांदळाचं पोतं, मिक्सर, देव्हारा आणि आजीची ट्रंक माडीवर चढवतो. पाणी जामदार क्लबला आलं का, गायकवाड वाड्याजवळ आलं का, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, हे लहान पोरांना पण पाठ असतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हा सगळा अंदाज चुकला. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८९ चा पूर बघितलेला, २००५ चा बघितलेला, त्यामुळे त्यांच्या डोक्यात पाणी कुठपर्यंत येणार याची एक रेघ पक्की होती आणि नदी त्या रेघेच्या कितीतरी वर गेली. बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावाच्या चारी बाजूंना पाणी आणि प्यायला मात्र टँकर. आई, आजी, भाऊ आणि मी राजारामपुरीला मावशीकडं गेलो. आण्णा आले नाहीत. घर सोडून सगळीच कशी जायची म्हणून ते माडीवर राहिले, चार रात्री, एकटे. बोटीतून पोरं दूध आणि पाण्याच्या बाटल्या द्यायची. दिवसातून एकदा फोन लागायचा, तो पण बॅटरी वाचवायची म्हणून अर्धा मिनिट. ‘मी हाय निवांत. जेवलो. झोप झाली चांगली. ठेवू?’

पाणी उतरल्यावर सोप्यात जमिनीपासून साडेचार फुटांवर रेघ होती. सगळ्या भिंतींवर, दारांच्या चौकटींवर, कपाटाच्या आरशावर, एका उंचीला, ओळंबा लावून मारल्यासारखी. चिखल काढला, डेटॉल, ब्लीचिंग पावडर सगळं झालं, पण ती रेघ जाईना. दिवाळीला एक हात चुना मारला तर आठ दिवसांत आतून पिवळी होऊन परत वर. आणि फेब्रुवारीत भावाचं लग्न. पावणे घर बघायला येणार, मांडव दारात पडणार, भिंती अशा. रंगारी म्हणाला ओल्या भिंतीवर रंग धरणार नाही, सहा महिने थांबा. दुकानदार म्हणाला वॉलपेपर लावा, काही होत नाही. आम्ही दुकानदाराचं ऐकलं.

२०२१ च्या जुलैत पाणी परत आलं, जवळजवळ तेवढंच, आणि त्या वेळी आण्णा पण आमच्याबरोबर मावशीकडं आले. परत आल्यावर बघतो तर खालचा कागद फुगलेला, पण फाटलेला नाही, विनाइलचा होता ना. तेव्हा आम्ही दुसरी चूक केली. ऑनलाइन त्या विटांच्या डिझाइनच्या फोम शीट मिळतात, मागचा कागद काढायचा आणि चिकटवायच्या, त्या मागवून खालच्या चार फुटांत त्या कागदावरच चिकटवून टाकल्या. म्हणजे भिंत, तिच्यावर खळ, त्यावर कागद, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर गोंद आणि वर फोम. २०२४ ला नदीनं धोका पातळी परत ओलांडली पण पाणी आमच्या उंबऱ्याच्या अलीकडं थांबलं, आणि आम्ही भिंतींचा विषयच सोडून दिला.

आईच्या खोकल्यानं तो परत निघाला. तिचे गुडघे गेल्यापासून ती माडीवर चढत नाही, सोप्यातच जिन्याच्या भिंतीला लागून तिची कॉट. दिवाळीपासून कोरडा खोकला, रात्री जास्त, सगळी औषधं झाली. शेवटी डॉक्टरांनी औषध बाजूला ठेवून विचारलं, झोपता कुठं? ओल आहे का तिथं? घरी येऊन मी कॉट ओढली आणि विटांच्या डिझाइनची एक शीट कोपऱ्यातून उचलली. मागं सगळं काळं होतं. बुरशी म्हणजे ठिपके ठिपके असतात असं मला वाटायचं, इथं आख्खा तळहात मावेल एवढा काळा मखमली गालिचा होता, आणि आईची उशी त्याच्यापासून वीतभर अंतरावर. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. आम्ही पैसे देऊन, हौसेनं, स्वतःच्या हातानं ते तिच्या उशाला लावलं होतं.

त्याच दिवशी आईची कॉट माजघरात नेली आणि दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. माझं ऑफिसचं काम घरूनच असतं, सकाळचे दोन-अडीच तास भिंतीला, मग अंघोळ करून लॅपटॉपसमोर.

ज्यांना कुणाला हे काम करायचंय त्यांच्यासाठी सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आधी सोप्याचा एमसीबी पाडायचा, म्हणजे वीज बंद करायची, आणि स्विचबोर्डच्या प्लेटा सोडवून ठेवायच्या, पाण्याचं काम आहे. बुरशी असेल तर मास्क पाहिजेच आणि ती कोरडी झाडायची नाही, ओली करून पुसायची, नाहीतर सगळी हवेत उडते. विनाइलचा कागद असेल तर त्याचे दोन पदर असतात, वरचा प्लॅस्टिकचा आणि खालचा साधा. वरचा कोपऱ्यातून सुटा करून भिंतीला समांतर, हळू, स्वतःकडं न ओढता खाली-खाली ओढला तर लांबच्या लांब पट्टी निघते. खालचा कागद मात्र तसाच भिंतीला बसून राहतो आणि खरं काम तिथून सुरू होतं. कोमट पाणी, त्यात भांड्याचं लिक्विड थोडं, स्पंजनं कागद भिजवायचा, दोन-तीन फुटांचाच तुकडा एका वेळी, आणि मग पंधरा-वीस मिनिटं गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. पाच मिनिटांत खरवडायची पट्टी लावली की कागद निघत नाही, गिलावा निघतो. वीस मिनिटं थांबलं की पट्टी आडवी धरून नुसती सरकवली तरी कागद ओल्या सायीसारखा गोळा होत येतो. आणि कागद निघाला म्हणजे झालं असं नाही, भिंतीवरची खळ पण धुवून काढायची. ओला हात फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर ती अजून आहे.

त्या खळीचा वास. भिजलेला पहिला तुकडा निघाला तेव्हा मला लहानपणच्या कुरडयाच आठवल्या, तीन दिवस भिजवलेले गहू वाटल्यावर चिकाला जो आंबूस वास येतो, तोच. खळ बऱ्याचदा स्टार्चचीच असते. बुरशीला अजून काय पाहिजे, ओल, अंधार आणि खायला पीठ.

मोबाइलवर सगळे व्हिनेगर वापरा म्हणत होते. मी बाटली आणून ठेवली तर आण्णांनी ती उचलून थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. म्हणाले, ‘ही भिंत चुन्याची हाय. आंबट लावलं तर चुना खाऊन टाकंल ते.’ मग त्यांनी निघालेल्या गिलाव्याचा एक खडा बशीत ठेवून त्याच्यावर चमचाभर ओतून दाखवलं. बुडबुडे आले. ते एवढं करून न बोलता परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

आण्णांबद्दल सांगायला पाहिजे. आण्णा उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते, चाळीस वर्षं. फौंड्रीत बीड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा करतात, तो नमुना म्हणजे पॅटर्न. बीड गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करायचा, फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यासाठी त्यांच्याकडं वेगळी पट्टी असायची, तिच्यावरचा फूट हा खऱ्या फुटापेक्षा तेवढ्या आकसानं मोठा. लहानपणी शाळेत मी एकदा चुकून तीच पट्टी घेऊन गेले होते आणि माझी सगळी मापं चुकली होती. तर असा माणूस, मापात बोलणारा. ‘जरा’, ‘थोडं’ असे शब्द त्यांच्या तोंडात मी फारसे ऐकलेले नाहीत. वॉलपेपर काढायच्या कामात मात्र ते पहिले चार दिवस आलेच नाहीत, खुर्चीवर बसून पेपर वाचायचे आणि मी जिन्याच्या बाजूला गेले की उठून मागच्या परड्यात जायचे. मला वाटलं धुळीचा त्रास होत असेल.

खाली सगळीकडं भिंत हातानं चेपेल अशी झालेली. गवंडी काकांना बोलावलं, आमच्या पेठेत जुन्या घरांची कामं तेच करतात, वय पंच्याहत्तरच्या पुढं. त्यांनी बोटाच्या पेरानं भिंत ठोकत ठोकत सगळा सोपा फिरून घेतला, पोकळ कुठं वाजतंय ते ऐकत. आजोबांनी हे घर १९५६ ला बांधलं, दीड फूट जाडीची वीट आणि चुना. तो चुना घाण्यात मळलेला, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घातलेलं, काकांच्या वडिलांच्या काळचं काम. ते म्हणाले, वीट म्हणजे कंदिलाची वात, खालनं पाणी ओढत वर नेते. चुना ते पाणी श्वासासारखं बाहेर सोडतो, म्हणून ही घरं एवढे पूर बघून उभी आहेत. ‘तुम्ही तिच्या तोंडावर प्लॅस्टिक बांधलासा,’ असं म्हणाले. मग ते पाणी बाहेर पडायला जागा शोधत वर वर चढतं, आणि वाळेल तिथं खार सोडतं, ते पांढरं मिठासारखं फूल येतं ते, आणि तोच खार गिलावा फोडतो.

मी विचारलं, अशी भिंत वाळायला किती दिवस लागतात. ‘इंचाला महिना धरायचा. त्यात पावसाळा धरायचा न्हाई.’

मी मनातल्या मनात आकडे मांडले आणि मला खाली बसावंसं वाटलं. अठरा इंचाची भिंत, दोन्ही बाजूंनी वाळते म्हणून नऊ धरले तरी नऊ महिने. पाणी उतरलं ऑगस्टच्या मध्याला. त्या वर्षी परतीचा पाऊस पण ऑक्टोबरभर पडत राहिला होता. म्हणजे कोरडे दिवस सुरू झाले नोव्हेंबरला आणि आम्ही जानेवारीत तिचं तोंड बंद केलं. अडीच महिने दिले आम्ही तिला. आणि २०२१ नंतर तेवढे पण नाही.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले होते तर कळलं की वॉलपेपरच्या मागच्या बुरशीची गोष्ट फार जुनी आहे. १७७५ मध्ये शीले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं एक झगझगीत हिरवा रंग शोधला, त्यात आर्सेनिक म्हणजे सोमल, आणि पुढच्या शतकात युरोपात घरोघरी तशा हिरव्या रंगांचे वॉलपेपर लागले. ओलसर घरांत माणसं आजारी पडायची. १८९० च्या दशकात गोसिओ नावाच्या इटालियन डॉक्टरनं दाखवून दिलं की ओल्या कागदावरची बुरशी त्या सोमलाचा वायू करून खोलीत सोडते. आताच्या कागदात सोमल नसतं, आमच्यात नव्हतंच. पण ती ओल, ती खळ, आणि त्याच्याजवळ डोकं ठेवून झोपलेलं घरातलं माणूस, हे वाचताना मला आमचा सोपा दिसत होता. शेजारच्या खोलीत आई खोकत होती.

पाचव्या दिवशी मी जिन्याच्या भिंतीला हात घातला.

आमचा जिना सोप्यातूनच माडीवर जातो, लाकडी, बारा पायऱ्यांचा, आणि त्याच्या बाजूची भिंत बाकीच्यापेक्षा जरा अंधारात. तिसऱ्या पायरीवर बसून मी भिजवलेला कागद पट्टीनं गोळा करत होते. एक बऱ्यापैकी मोठा तुकडा अख्खा निघाला, तो बादलीत टाकताना मागची बाजू वर झाली आणि तिच्यावर करड्या रंगात काहीतरी होतं. मला वाटलं बुरशीच. मग दिसलं की आकडे आहेत, पण उलटे, आरशात दिसतात तसे. तीन उलटा, शून्य, एक आडवी रेघ. ओल्या कागदाला शिसपेन्सिलीचा छाप लागून आलेला होता.

मी पट्टी ठेवून दिली आणि पुढचं नुसत्या स्पंजनं केलं. कागद भिजवायचा, थांबायचं, बोटांनी सोलायचा. तासाभरात हातभर भिंत मोकळी झाली. तिच्यावर आडव्या रेघा होत्या, बोटाएवढ्या लांब, सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं मारलेल्या, एकीवर एक, आणि प्रत्येक रेघेच्या उजवीकडं बारीक अक्षरात वेळ. अक्षर मी कुठंही ओळखलं असतं, पॅटर्नवर माप लिहिताना आण्णांचे आकडे जसे येतात तसे, सरळ, वरच्या बाजूला जरा डावीकडं कललेले.

७/८ रात्र. ११.४०. १२.३०. १.१५. २.००. २.४०. ३.३०. ४.१०. ५.००.

खालच्या रेघा पोपड्यांबरोबर गेलेल्या होत्या, एखादा आकडा तेवढा राहिलेला. वरच्या मात्र साफ वाचता येत होत्या. साडेअकराच्या सुमाराच्या रेघांत इंच-इंच अंतर, मग अर्धा इंच, आणि मग दोन रेघांच्या मधे ‘३ सूत’, ‘२ सूत’, ‘१ सूत’ असं लिहिलेलं, पाणी किती चढलं ते. पाचच्या रेघेपुढं ‘थांबलं?’ असं लिहून प्रश्नचिन्ह. त्याच्या वर एक सुतावर अजून एक रेघ, ५.५० ची, तिच्यापुढं ‘नाही’. आणि सगळ्यात वर, जमिनीपासून साडेचार फुटांवर, सकाळी ८.१५ ला, ‘थांबलं’, प्रश्नचिन्ह नाही.

लाइट नव्हती त्या दिवसांत. म्हणजे दर चाळीस-पन्नास मिनिटांनी तो माणूस माडीवरून हातात बॅटरी घेऊन काळोखात त्या लाकडी जिन्यावरून खाली आला होता, पाण्यापर्यंत, वाकून भिंतीवर रेघ मारून परत वर गेला होता, रात्रभर. आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला फोनवर सांगितलं होतं, झोप झाली चांगली.

मी खूप वेळ तिथंच बसले होते. गुडघ्यावर ओला स्पंज तसाच, पाणी सलवारीवर गळतंय ते पण कळलं नाही. मग आण्णा परड्यातून आले आणि जिन्यापाशी थांबले. मी काही बोलले नाही, नुसती भिंतीकडं बघत राहिले. ते म्हणाले, ‘दिसतंय व्हय अजून?’

‘आण्णा, तुम्ही झोपलाच नव्हता.’

‘झोप लागंना गं. मग काय करायचं. मोजत बसलो.’ थोड्या वेळानं म्हणाले, ‘मोजाय लागलं की भ्या वाटत न्हाई. आकडा आला की कळतंय, एवढं हाय, एवढंच हाय.’

मग मला ते आठवलं जे मी पाच वर्षं सोयीनं विसरले होते. वॉलपेपर लावायची घाई भावाच्या लग्नामुळं झाली असं आम्ही सगळ्यांना सांगायचो, वहिनीच्या माहेरची माणसं येणार म्हणून. पण त्या दिवशी सकाळी दहाला पोरं आली तेव्हा कुठून सुरू करू असं त्यांनी विचारलं होतं आणि आण्णांनी बोट दाखवलं होतं. ‘आधी जिना घ्या.’ दुकानातून रोल पण तेच घेऊन आले होते. त्यांना पावण्यांपासून रेघ लपवायची होतीच, पण त्यांना स्वतःला रोज जिना चढताना त्या रेघांच्या शेजारून जायचं नव्हतं.

आई माजघरातून उठून हळूहळू आली, कॉटच्या कडेला धरून, दाराला धरून. चष्मा नव्हता म्हणून अगदी भिंतीजवळ गेली. एकेक वेळ तिनं मोठ्यानं वाचली. अकरा चाळीस. साडेबारा. सव्वा. दोन. सगळ्या वाचून झाल्यावर आण्णांकडं बघून म्हणाली, ‘मला तर म्हणत हुता निवांत हाय.’ आण्णा काही बोलले नाहीत. तिनं पदरानं ५.०० च्या रेघेवरचा ओलसर चुना अलगद पुसला आणि विचारलं, ‘त्या रात्री काय खाल्लं हुतं?’ सहा वर्षांनी. आण्णांनी सांगितलं, चुरमुरे. मग त्या दोघांचं बराच वेळ त्या चार दिवसांचंच बोलणं चाललं, बोटीतली पोरं कोण होती, समोरच्या घरातल्या म्हातारीला कसं काढलं, रात्री पाण्याचा आवाज कसा यायचा, भांडी माजघरात एकमेकांवर आपटत तरंगायची ती कशी वाजायची. आमच्या घरात पुराबद्दल खूप बोललं जातं, पण हे कधी बोललं गेलं नव्हतं. मी बादली घेऊन बाहेर गेले.

गवंडी काका परत आले तेव्हा ते पण ती भिंत बघत उभे राहिले, टोपी काढून. पण मग म्हणाले ते खरंच होतं. खार वरपर्यंत चढलाय, गिलावा साडेपाच फुटांपर्यंत काढायला लागणार, सगळा, विटा उघड्या करायच्या आणि उन्हाळाभर तशाच ठेवायच्या. मग परत चुन्याचाच गिलावा, पुट्टी नाही, ऑइलपेंट नाही, सिमेंटचा तर हात पण लावायचा नाही, वरून साधा चुना. आणि रेघा साडेचार फुटांच्या आत.

मला ते नको होतं. मी म्हणाले एवढा भाग सोडा, काच बसवू त्याच्यावर, फ्रेम करू. मी खरंच हट्टाला पेटले होते. भावाला व्हिडिओ कॉल करून पुण्याहून त्याला पण माझ्या बाजूला ओढला. माझ्या हाताला पहिल्यांदा काहीतरी लागलं होतं जे आमचं होतं, आणि ते मी कुदळीखाली जाऊ देणार नव्हते. आण्णा ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘काच लावलीस की परत तेच झालं की. भिंत वाळाय पायजे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून सागाची एक पट्टी काढली, दीड इंच रुंद, पाच फूट लांब, कुठल्यातरी जुन्या कामातली राहिलेली. तिला रंधा मारला. परड्यात सागाचा भुसा पडला आणि कितीतरी वर्षांनी घरात तो वास आला. मग ती पट्टी भिंतीला लावून खाली फरशीवर टेकवली, मला म्हणाले धर, हलवू नको. आणि गुण्या लावून एकेक रेघ भिंतीवरून पट्टीवर घेतली, तीच चपटी पेन्सिल, प्रत्येक रेघेला वेळ, सुतं, ‘थांबलं?’, ‘नाही’, ‘थांबलं’. हात आता थरथरतो त्यांचा, पण पेन्सिल लाकडाला टेकली की थरथरत नाही. पॅटर्नचं माप घेताना ते दोनदा बघायचे, तसंच दोनदा बघितलं. मी विचारलं, आण्णा, आकसाची पट्टी घेतली नाही ना? तर पहिल्यांदा हसले. म्हणाले, ‘न्हाई. खऱ्या मापाची हाय ही.’

गिलावा काढायला दीड दिवस लागला. ती बाजू फोडताना आई माजघरात जाऊन बसली, आण्णा तिथंच उभे होते. सागाच्या पट्टीला मी जवसाचं तेल लावलं, ती आता देव्हाऱ्याशेजारी कोपऱ्यात उभी आहे.

सोपा सध्या कसा दिसतो ते सांगायला मला संकोच वाटत नाही. विटा उघड्या, मधेमधे चुन्याचे पांढरे डाग, खाराचं फूल दर दोन दिवसांनी येतं ते मी कोरड्या ब्रशनं झाडून भरून टाकते. दारं-खिडक्या दिवसभर उघड्या, पंखा चालू. आलेला-गेलेला विचारतो, काम अर्धवट का सोडलंय. एक-दोन जणांनी पीव्हीसी पॅनेलवाल्यांचे नंबर पण दिले. आईचा खोकला गेलाय म्हणणार नाही, पण ती रात्रीची सलग चार-पाच तास झोपते आता.

काकांनी जाताना एक सांगितलं होतं, प्लॅस्टिकचा वीतभर चौकोन घेऊन चारी बाजूंनी टेपनं विटांवर पक्का चिकटवायचा आणि दिवसभरानंतर बघायचं, आतून थेंब धरले म्हणजे भिंत अजून पाणी सोडतेय. ते काम आण्णांनी घेतलंय. रोज सकाळी चहाच्या आधी ते जिन्यापाशी जातात, टेपचं एक टोक उचलतात, प्लॅस्टिक उजेडाकडं धरून बघतात. आज पण थेंब होते, मागच्या आठवड्यापेक्षा बारीक. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी शेजारच्या विटेवर तारीख घातली आणि तिच्यापुढं लिहिलं, ‘आहे’.